पायाळूची पाठ

न्हावऱ्याच्या अलीकडे गतिरोधक आहे हे ड्रायव्हरला माहीत असायला हवं होतं. रोज त्याच रस्त्यानं गाडी नेतो. मला माहीत होतं. मी दोन मिनिटं आधीपासून समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून, बूड जरा उचलून तयार बसलो होतो. पण शेजारची एक बाई उतरायला म्हणून उठली, तिची पिशवी माझ्या गुडघ्यावर आली, ती सावरायला मी एक हात सोडला आणि नेमकी तेवढ्यात गाडी उडाली. फार नाही. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याची टोपीसुद्धा हलली नाही. माझ्या कमरेत मात्र डावीकडे कुणीतरी वेल्डिंगचा रॉड टेकवला आणि तो मांडीच्या मागून, गुडघ्याच्या लवणीतून पोटरीपर्यंत ओढत नेला. घोट्यापाशी येऊन तो विझला. घोट्याच्या खाली काहीच नाही. तिथं पाय आहे, पण तो माझा आहे हे गेला महिनाभर फक्त डोळ्यांना कळतं.

खिडकीशी माझी बायको सुवर्णा मांडीवर पिशवी धरून बसली होती. तिनं नुसतं पाहिलं. विचारलं की मी खेकसतो हे तिला माझ्या दुखण्याच्या चार वर्षांत कळून चुकलंय. पिशवीत दौंडच्या प्लॉटचे कागद होते, दोघांची आधार कार्डं होती, डबा होता, आणि तळाशी टॉवेलच्या घडीखाली माझा एमआरआय. तो आणायची काहीच गरज नव्हती. उलट तो आज कुणाच्या नजरेला पडता कामा नये हेच तर ठरलं होतं. पण निघताना ती म्हणाली, असू द्या, घरी ठेवून जीव थाऱ्यावर राहायचा न्हाई. जणू तोही मालमत्तेचाच एखादा कागद. एका परीनं होताच म्हणा. आमच्या घरात एवढी किंमत दिलेली दुसरी वस्तू आता उरली नव्हती.

दुपारी एक वाजता दौंडच्या रजिस्टर कचेरीत प्लॉटची खरेदी द्यायची होती. घेणारे आनंदराव, दौंडजवळचे बागायतदार, आणि त्यांचा मुलगा सत्यजीत. त्यांना तिथं भाड्यानं द्यायला खोल्या काढायच्या होत्या. सौदा अठरा लाखांना ठरला होता. एक लाख विसार आला होता आणि आला तसा तपासण्यांत, इंजेक्शनांत गेला होता. शिरूरला फ्लॅट घ्यायचाय म्हणून विकतोय, असं आम्ही सांगितलं होतं. सौदा जमवला माझा मेहुणा दत्ता यानं, आणि त्यानंच बजावलं होतं, "दाजी, आजाराचा शब्द काढायचा न्हाई. गिऱ्हाइकाला दवाखान्याचा वास लागला की भाव पडला म्हनून समजा. झाकली मूठ सव्वा लाखाची." पुण्याच्या सर्जननं सांगितलं होतं, मणक्यातली चकती सरकून शीर दाबली गेलीय, पायाचा पंजा पडत चाललाय, सहा आठवड्यांत ऑपरेशन करा, उशिरा केलं तर दुखणं थांबेल पण पंजा परत येईलच असं नाही. त्या सहातले तीन आठवडे गिऱ्हाईक शोधण्यात गेले होते. ऑपरेशन, नंतरचे बिनपगारी महिने आणि आमच्या ऋतिकाचं नर्सिंगचं शिक्षण, एवढं सगळं त्या अठरात बसत होतं. बेतून घेतलेल्या खणासारखं नेमकं बसत होतं. एक बोटभर कापड कमी पडलं असतं तर बाही राहिली असती.

आणि मी पायाळू. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेला. निमोण्यात मी रडण्याच्या आधी ही बातमी वेशीपर्यंत गेली होती म्हणे. आईचं नाव नकुशी. चार मुलींवर पाचवी झाली म्हणून बापानं ठेवलेलं. त्या नकुशीच्या दारात मग मोठमोठी माणसं यायला लागली, कारण कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळूचा पाय लागतो. सकाळी, सूर्य वर यायच्या आत, माणूस उंबऱ्यावर पालथं पडायचं. दोन वर्षांचा होतो तेव्हा आई मला काखेत धरून त्यांच्या कमरेवर माझा डावा तळवा टेकवायची. तीन वेळा, न बोलता. पुढे मीच पाय द्यायला लागलो. आईनं दोन गोष्टी घालून दिल्या होत्या: कुणाला नाही म्हणायचं नाही, आणि पैसा घ्यायचा नाही. घेतला की पायातलं निघून जातं.

त्या पाठी मला अजून आठवतात. तोंडं आठवत नाहीत, पाठी आठवतात, तळव्याला आठवतात. रतनबाईची पाठ घामानं ओली, चोळीच्या गाठीखाली मऊ. म्हस्कूआबांची वाळल्या चामड्यासारखी, आत कुठंतरी सुपारीएवढी गाठ. पाय टेकवला की मला ती गाठ सापडायची. लोक म्हणत पायात गुण आहे. असेल नसेल, मी शाळेत विज्ञान शिकलेला माणूस आहे. पण गाठ सापडायची हे खरं. माणसं उठून, कंबर दोन्हीकडं वळवून बघायची आणि हसायची, आणि गावातल्या सगळ्यात गरीब घरातलं पोरगं असूनसुद्धा त्या वेळेपुरता मी कुणीतरी असायचो. ती चव एकदा लागली की सुटत नाही.

पायाळूला जमिनीखालचं धन दिसतं असंही म्हणतात. सात वर्षांचा होतो तेव्हा चार बाप्ये मला गुळाचा खडा देऊन ओढ्यापलीकडच्या पडक्या देवळात घेऊन गेले. हाताला काजळ फासून त्यात बघायला लावलं. काय दिसतंय, काय दिसतंय, असं ते विचारत राहिले. काळ्यात काळं दिसत होतं. पण त्यांच्या डोळ्यांत एवढी आशा होती की मी म्हणालो, हंडा दिसतोय. दुपारपर्यंत खणलं त्यांनी. काही निघालं नाही आणि आईनं आधी त्यांना शिव्या घातल्या, मग मला बडवलं. पुण्याच्या सर्जननं एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि काळ्यातल्या पांढऱ्यावर पेन टेकवून विचारलं, हे दिसतंय ना, तेव्हा मी तसाच म्हणालो, हो, दिसतंय. ह्या वेळी मात्र खणलं की निघणार होतं, आणि तेही माझ्याच खिशातून.

गाडी आता उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं रखडत चालली होती. सुवर्णानं पाण्याची बाटली पुढं केली. मी नको म्हणालो. पाणी प्यायलं की लघवीला उठावं लागतं आणि उठायचं म्हणजे एक सोहळा. हिशेब असे बारीक होत गेले होते. एकोणीस वर्षं मी कारेगावच्या एका कारखान्यात प्रेसवर आहे. आधी कंत्राटी, मग कायम. भट्टीतून आलेले लोखंडी पाटे उचलायचे, साच्यात ठेवायचे, काढायचे. एका पाळीत पाचशे. कायम झालो, पगार वाढला, तशी त्या पगाराला विम्याच्या दवाखान्याची सवलत बसेना. त्या दिवशी मी पेढे वाटले होते. पुढं आईच्या किडन्या गेल्या. अडीच वर्षं आठवड्याला दोनदा डायलिसिस. कंपनीच्या पॉलिसीत आईबाप धरत नाहीत हे मला रिक्षातून उतरल्यावर, दवाखान्याच्या खिडकीपाशी कळलं. म्हणून मी पुन्हा ओव्हरटाइम धरला. म्हणजे आईचं रक्त धुवायला माझी पाठ लावली. आई गेली, आणि तिच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास माझा पाय जड झाला. त्या पॉलिसीत मी होतो, पण तिच्यातून माझ्या ऑपरेशनाचा चौथा हिस्साही निघत नव्हता. सुवर्णाची थायरॉइडची गोळी त्या काळात कधी अर्धी झाली ते तिनं मला सांगितलं नाही. तिचा गळा सुजलेला दिसला तेव्हा कळलं. आजार असा घरात एकटा येत नाही, पाहुण्यासारखा येतो, बिऱ्हाड घेऊन. तिचं गंठण गेलं, मग माझी मोटरसायकल. तिच्यावर तसंही बसवत नव्हतं. विकताना मी सगळ्यांना म्हणालो, बसनं बरं पडतं. प्रत्येक वेळी असं काहीतरी म्हणायला सापडतं.

आणि गंमत बघा, ह्या सगळ्या काळात कारखान्यात माझा धंदा जोरात. चहाच्या सुट्टीत मशीनमागं रांग लागायची. बिहारचा शंभू तर रोज कंबर धरून उभा, "दादा, एक लात मार दो, ड्यूटी निकल जाएगी." मी बूट काढायचो, मारायचो. त्याची ड्यूटी निघून जायची. माझी कंबर रात्रभर ठणकायची, आणि तिला लावायला दुसरा पायाळू मला पंचक्रोशीत मिळाला नाही. एकदा ऋतिकाला म्हणालो, तू मार. ती लाजली, म्हणाली, मी सरळ जन्मलेय पप्पा. तिचं ते वाक्य मला आवडलं होतं. सरळ जन्मलेली, सरळ वाढलेली मुलगी. तिला दवाखान्यात काम करायचंय, पण खिडकीच्या आतल्या बाजूनं.

प्लॉट आम्ही नऊ वर्षांपूर्वी घेतला. त्या काळातला प्रत्येक ओव्हरटाइम त्यात आहे. तो माझ्या पाठीचाच पैसा होता, आता पाठीकडंच परत निघाला होता, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालत होतो आणि ती पटत नव्हती. घेतल्यावर पहिल्या रविवारी आम्ही तिघं दौंडला गेलो, दत्ताकडून फक्की घेतली आणि जमिनीवर घर आखलं. इथं स्वयंपाकघर, इथं मोरी, इथं ऋतिकाची खोली. ऋतिका तेव्हा आठ वर्षांची. तिनं पावलं टाकून आपली खोली मोजली आणि दार कुठं आहे ते विचारून मगच आत आली. सुवर्णा त्या पांढऱ्या रेघांच्या स्वयंपाकघरात बसली आणि आम्ही तिथं पिठलं-भाकरी खाल्ली. उठताना मी रेघ ओलांडून सरळ निघालो तर ती म्हणाली, अहो, भिंत हाय तिथं. लांबून रेल्वे गेली. पुढच्या पावसात रेघा वाहून गेल्या, पण मला त्या प्लॉटवर कधीही भिंतीतून चालता आलं नाही.

दौंडच्या स्टँडवर उतरताना मी डावा पाय हातानं उचलून पायरीवर ठेवला. बुटात पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी होती, पोटरीपासून तळव्याखाली गेलेली; ती पंजा धरून ठेवते म्हणून माणूस चालतो. चपला तर मी केव्हाच सोडल्या होत्या. महिन्याभरापूर्वी शिरूरच्या बाजारातून घरी आलो तर एका पायात चप्पल आणि दुसरा मोकळा, आणि मला पत्ता नव्हता.

दत्ता स्टँडवर आला होता. कचेरीत सर्व्हर बंद होता, नंबर पुढं ढकलले होते. पत्र्याच्या पडवीत माणसंच माणसं. फार बसवत नव्हतं, फार उभं राहवत नव्हतं, म्हणून मी भिंतीवरच्या नोटिसा एकेक करून वाचत हिंडलो; हिंडणारा माणूस धडधाकट दिसतो. दीडच्या सुमाराला आनंदराव आले. सत्तरीचे, पांढरे कपडे, ताठ. त्यांच्या मागून सत्यजीत आला तो वाकडा होऊन, एक हात कमरेवर. पहाटे विहिरीतली मोटर वर काढताना त्याला उसण भरली होती. मला बघून त्याचं तोंड उजळलं.

"दाजी, दत्ता म्हनत व्हता तुम्ही पायाळू हाय. देवासारखं भेटलात. मारा की एक लाथ."

मी दत्ताकडं पाहिलं. दत्तानं जमिनीकडं पाहिलं. आजाराचा शब्द त्यानं काढला नव्हता. बढाईचा काढला होता. भाव ठरवताना दाजीची आणखी कसली फुशारकी मारणार तो. माझ्या आधी सुवर्णा बोलली, घाईनं, नको तेवढ्या मोठ्यानं.

"आज न्हाई चालत त्येंना. अवस हाय आज."

आनंदरावांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "अवस परवा हाय, बाई," ते शांतपणे म्हणाले. "अवशीला मी खरेदी धरीन व्हय?"

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. सुवर्णाचा चेहरा पांढरा पडला. त्या क्षणी मला शंभर सबबी सांगता आल्या असत्या. नंतर परतीच्या गाडीत त्या एकामागून एक आठवल्या. जेवून आलोय. नवस आहे. उंबऱ्याशिवाय देत नाही. ह्यातली कुठलीही चालली असती, कारण पायाळूचे नियम पायाळूलाच माहीत असतात. आईचं वचन मोडायला नको म्हणून मी बूट काढला असं मी सुवर्णाला सांगितलं, आणि ते खोटं आहे. मला बघायचं होतं. एकदा, एका अनोळखी पाठीवर, अजून गाठ सापडते का. चार वर्षं सगळे माझ्याच पाठीवर बोटं ठेवत होते. मला पुन्हा तो दुसरा व्हायचं होतं, ज्याच्यापुढं लोक पाठ करून उभे राहतात.

मी बाकाच्या टोकाला बसून बूट काढला, पट्टीचे बंद सोडले आणि पट्टी मोज्याखाली झाकून बाकाखाली सरकवली. सत्यजीत पडवीच्या खांबाला धरून वाकला. सुवर्णानं माझा कोपर धरला. मी पँटची घडी मुठीत पकडून डावा पाय वर ओढला, आणि उजव्या पायावर सगळा भार येताच तो रॉड पुन्हा टेकला. ह्या वेळी त्यानं सावकाश रेघ ओढली. पहिल्यांदा पाय लागला की नाही ते मला मान खाली घालून बघावं लागलं. लागला होता. त्याच्या शर्टावर माझा तळवा होता आणि मला काही लागत नव्हतं. शर्ट नाही, ऊब नाही, हाड नाही. दुसऱ्यांदा मी डोळे मिटले. अंधारात माझा पाय गुडघ्याखाली कुठंतरी संपत होता. तिसऱ्या वेळी पंजा त्याच्या पाठीवरून घसरत खाली आला आणि अंगठा त्याच्या पट्ट्यात अडकला. तो सुवर्णानं वाकून सोडवला.

सत्यजीत सरळ झाला. डावीकडं वळला, उजवीकडं वळला. "गेली," तो म्हणाला. "आयला, खरंच गेली." लोक पुढं सरकले, एका म्हातारीनं मानेचं काही होईल का विचारलं. दत्ता हसत होता. क्षणभर मलाही हसू आलं, सवयीचं. मग मी आनंदरावांकडं पाहिलं. ते वाकले होते आणि त्यांच्या हातात माझी पट्टी होती. बाजारात बैलाचे दात बघावेत तशी त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, बंद ओढून पाहिला आणि बाकावर, माझ्या शेजारी, नीट ठेवली.

त्यांनी दत्ताला बाजूला नेलं. पाच मिनिटांत दत्ता परत आला तो माझ्याकडं न बघता. पंधरा म्हणतायत. न्हाई जमत तर विसार परत द्या म्हणतायत. मी पाय ओढत त्यांच्याकडं गेलो, आबा, शब्द झालाय असं काहीतरी म्हणालो. ते चिडले नाहीत. खुर्ची माझ्याकडं सरकवून मला बसायला लावलं.

"पाव्हणं, तुम्हाला घाई हाय, मला न्हाई," ते म्हणाले. "माझ्या भावाच्या किडनीपायी मी तीन एकर इकलं. तवा घेनाऱ्यानं मला बी असंच बसाया खुर्ची दिली व्हती."

त्यांच्या जागी मी असतो तर, ह्याचं उत्तर मला त्या वेळीही माहीत होतं. मी सुवर्णाकडं पाहिलं. ती पिशवीत हात घालून उभी होती, आणि माझी खात्री आहे, तिचा हात कागदांवर नव्हता, खालच्या फिल्मवर होता. मग म्हणाली, ऋतिकाला काय सांगायचं ते मी सांगेन, तुम्ही सही करा. तेवढ्यात सर्व्हर सुरू झाला आणि आमचा नंबर पुकारला.

बूट घालायला वेळ नव्हता. मी तसाच आत गेलो. पट्टीशिवाय पंजा फरशीवर फट्, फट् आपटत होता आणि ओळीतली माणसं वळून बघत होती. साहेबांनी विचारलं, राजीखुशीनं देताय ना, आणि मी हो म्हणालो, सुवर्णाही हो म्हणाली. कॅमेऱ्याकडं बघा म्हणाले, बघितलं. अंगठा ठेवला. माझा अंगठा मशीनला लवकर कळेना; एकोणीस वर्षं लोखंड हाताळून रेषा झिजल्यात. चार वेळा पुसून ठेवल्यावर हिरवा दिवा लागला.

बाहेर आल्यावर सत्यजीत माझ्याकडं आला. पोरगं वाईट नाही. त्याला ओशाळल्यासारखं झालं होतं. "दाजी, लाथंचं काय द्यू तुम्हाला?"

"तीन लाख," मी म्हणालो.

तो हसला, आणि मग हसायचा थांबला. खिशातून पाचशेची नोट काढून त्यानं माझ्या हातात ठेवली आणि पटकन गाडीकडं गेला. चव्वेचाळीस वर्षांत मी ह्या पायाचा एक रुपया घेतला नव्हता. आईनं सांगितलं होतं, घेतला की पायातलं जातं. मी नोट घडी करून वरच्या खिशात ठेवली.

मग बाकावर बसलो. सुवर्णा खाली, पडवीच्या फरशीवर, माझ्यासमोर बसली. एवढ्या लोकांत ती पहिल्यांदाच अशी बसली होती. तिनं माझा पाय मांडीवर घेतला, पदरानं तळवा पुसला आणि पट्टी लावायला लागली. मी तिच्या डोक्यावरून समोर बघत राहिलो. कुणाचा तरी नंबर पुकारत होते. ऋतिकाचा फोन सुवर्णाच्या पिशवीत वाजत होता आणि दोघांपैकी कुणी तो उचलत नव्हतं. तो वाजून थांबला. बराच वेळ झाल्यासारखं वाटलं तेव्हा मी खाली न बघता विचारलं, घातला का बूट?

"कवाच," सुवर्णा म्हणाली.